‘थ्रॉम्बोसिस’ म्हणजे नेमकं काय? (आणि माझं माहितीपत्रक परत का आलं)



पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझं काम एका शब्दापायी जवळजवळ दोन महिने अडलं होतं. तो शब्द म्हणजे ‘गोठणे’.

झालं असं, की माझ्या प्रकल्पासाठी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेल्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने लागतात. नमुने घ्यायचे तर एथिक्स कमिटीची मंजुरी हवी, आणि मंजुरी हवी तर रुग्णांना समजेल असं मराठी माहितीपत्रक हवं. इंग्रजी मसुदा तयारच होता. मी एका संध्याकाळी बसले आणि त्याचं मराठी करून टाकलं. जिथे ‘थ्रॉम्बोसिस’ होतं तिथे ‘रक्त गोठणे’ लिहिलं. जिथे ‘कोॲग्युलेशन’ होतं तिथेही ‘रक्त गोठणे’ लिहिलं. शब्दकोशात दोन्हीकडे साधारण तेच सापडत होतं, मग बिघडलं कुठे?

पत्रक परत आलं. शेरा एवढाच होता, की पहिल्या पानावर रक्त गोठणं हा आजार वाटतो आणि दुसऱ्या पानावर तीच शरीराची गरज वाटते, तर रुग्णाने नक्की काय समजायचं?

मी थोडी चिडूनच ते पत्रक घरी आजीला वाचून दाखवलं. आजीने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे थंडीनं गोठलं का गं? पंख्याखाली झोपायची सवय होती का त्या बाईला?”

तेव्हा लक्षात आलं, की चूक भाषांतराची नव्हतीच. ज्या शब्दावर मी तीन वर्षं काम करणार होते, तो शब्द काय म्हणतो हेच मला नीट माहीत नव्हतं. तुमच्यापैकी अनेक जण आता सिनॉप्सिस लिहिण्याच्या तयारीत असतील. म्हणून आज हा एकच शब्द आपण उलगडून बघू.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू

बोट कापलं की थोड्या वेळाने रक्त यायचं थांबतं. या सगळ्या घटनेला हिमोस्टॅसिस म्हणतात, मराठीत रक्तस्तंभन. यात रक्तवाहिनी आकसते, बिंबिका म्हणजे प्लेटलेट्स जखमेच्या जागी चिकटतात आणि त्यांच्यावर फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी विणली जाते.

यातला जाळी विणण्याचा भाग म्हणजे कोॲग्युलेशन. ही रासायनिक क्रिया आहे आणि ती शरीराबाहेर, काचेच्या नळीतही होते. आमच्या लॅबमध्ये आम्ही हेच रोज करतो. निळ्या बुचाच्या नळीत सायट्रेट असतं, ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे रक्त द्रव राहतं. नंतर प्लाझ्मा वेगळा करून 37 अंश सेल्सिअसला त्यात कॅल्शियम आणि क्रिया सुरू करणारं द्रव्य घालायचं आणि घड्याळ लावायचं. निरोगी माणसाचा प्लाझ्मा साधारण 11 ते 13 सेकंदांत घट्ट होतो. ही चाचणी म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम.

आणि थ्रॉम्बोसिस? जिवंत माणसाच्या रक्तवाहिनीच्या आत, वाहत्या रक्तात, जिथे गरज नाही तिथे गुठळी तयार होणं. कोॲग्युलेशन हा त्यातला एक भाग आहे, पण त्यात बिंबिका आहेत, रक्तवाहिनीचं अस्तर आहे आणि रक्ताचा प्रवाहही आहे. म्हणून नळीत थ्रॉम्बोसिस ‘होत’ नाही. नळीत होते ती साधी गुठळी.

हा फरक फक्त शब्दांचा नाही, तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. वाहत्या रक्तात तयार झालेल्या गुठळीत फिकट आणि गडद पट्टे एकाआड एक असतात. फिकट पट्ट्यात बिंबिका आणि फायब्रिन, गडद पट्ट्यात लाल पेशी. या पट्ट्यांना ‘झानच्या रेषा’ म्हणतात. मृत्यूनंतर रक्त नुसतं साचून झालेल्या गुठळीत त्या नसतात. त्यामुळे शवविच्छेदन करणारे डॉक्टर या रेषा बघून सांगू शकतात, की गुठळी माणूस जिवंत असताना झाली होती.

आता माझी चूक बघा. मी क्रियेला आणि आजाराला एकच नाव दिलं होतं. पहिल्या पानावर “तुमचं रक्त गोठलं आहे” आणि दुसऱ्या पानावर “रक्त गोठणं आवश्यक असतं”. गोंधळ होणार नाही तर काय!

शब्द आला कुठून? दुधातून

आजीचं पुढचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. ती म्हणाली, “गोठलं म्हणू नकोस, गुठळी म्हण. नासक्या दुधात होते तशी.”

‘थ्रॉम्बोस’ हा ग्रीक शब्द. अर्थ गोळा, ढेकूळ, गुठळी. तो फक्त रक्ताचा शब्द नव्हता. इतिहासकार हिरोडोटस बॅबिलोनच्या तटबंदीबद्दल लिहिताना नदीतून वाहत येणाऱ्या डांबराच्या गोळ्यांसाठी हाच शब्द वापरतो. नाटककार एस्किलसच्या ‘ओरेस्टेइया’ या नाट्यत्रयीत (इ.स.पू. 458) राणी क्लायटेम्नेस्ट्राला स्वप्न पडतं, की ती एका सापाला स्तनपान देते आहे आणि तो दुधाबरोबर रक्ताचा ‘थ्रॉम्बोस’ ओढून घेतो आहे. दूध आणि रक्ताची गुठळी, दोन्ही एकाच प्रसंगात! या ‘थ्रॉम्बोस’पासून क्रियापद झालं आणि त्याला ‘-ओसिस’ हा क्रियेचा, स्थितीचा प्रत्यय लागून ‘थ्रॉम्बोसिस’ झालं. अर्थ, गुठळी धरणं.

आता लॅटिनकडे या. ‘कोॲग्युलेशन’च्या मुळाशी ‘कोआग्युलम’ आहे. कोआग्युलम म्हणजे रेनेट. वासराच्या जठरातून मिळणारं हे द्रव्य चीज करणारे लोक दूध घट्ट करायला वापरतात. त्या शब्दाच्या मुळाशी ‘एकत्र हाकणं’ अशा अर्थाचं क्रियापद आहे, गुराखी गुरं एका जागी हाकतो तसं. म्हणजे रक्त ‘कोॲग्युलेट’ होतं असं म्हणताना आपण मुळात म्हणतो आहोत, की कुणीतरी रक्ताला विरजण लावलं.

आणि आपल्याकडे? मराठी विश्वकोशाने थ्रॉम्बोसिससाठी ‘अंतर्क्लथन’ आणि रक्त गोठण्याच्या क्रियेसाठी ‘रक्तक्लथन’ असे शब्द घेतले आहेत. ‘क्लथन’ वाचल्यावर मला आधी हसूच आलं होतं, हा कुठला शब्द काढला म्हणून. मग शोधलं. ‘क्लथ्’ हा धातू शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत, 39 व्या अध्यायात सापडतो. प्रवर्ग्य विधीत पात्रात दूध तापवतात. त्या दुधाच्या एकेका अवस्थेला एकेक देवता दिली आहे, आणि दूध गुठळ्या धरतं त्या अवस्थेसाठी तिथे ‘क्लथन्’ हे रूप आलं आहे.

तीन भाषा आणि तिन्हीकडे रक्ताचा शब्द दुधाच्या भांड्याशी जाऊन पोहोचतो. माझ्या मते यात फार गूढ काही नाही. रक्त रोज सांडत नाही, पण दूध रोज घट्ट होतं आणि रोज नासतं. पातळ वस्तू डोळ्यांदेखत घट्ट होण्याचा अनुभव माणसाला आधी दुधाने दिला. जो अनुभव हाताशी होता, त्याचाच शब्द त्याने रक्ताला दिला.

उपमा होती, पण नुसती उपमा नव्हती

इथे एक जण तुम्हाला भेटवायचा आहे. स्वीडनमधल्या उप्सालाचे ओलोफ हामरस्टेन. 1870 च्या दशकात हा माणूस दोन प्रश्नांवर काम करत होता. रेनेटने दूध कसं घट्ट होतं आणि रक्तातल्या फायब्रिनोजेनचं फायब्रिन कसं होतं. एकच माणूस, एकच लॅब. आज हे दोन प्रश्न दोन वेगळ्या विभागांत गेले असते, एक डेअरी टेक्नॉलॉजीत आणि दुसरा मेडिकल बायोकेमिस्ट्रीत.

आज आपल्याला जे माहीत आहे ते बघा. दुधात केसीन या प्रथिनाचे सूक्ष्म गोळे तरंगत असतात. त्यांच्या पृष्ठभागावर कॅपा-केसीनचे केसाळ तंतू असतात, ते गोळ्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. रेनेटमधलं विकर (एन्झाइम) कॅपा-केसीनला एका ठरावीक जागी, 105 व्या आणि 106 व्या अमिनो आम्लांच्या मध्ये कापतं. केस गेले, की गोळे कॅल्शियमच्या साथीने एकमेकांना चिकटतात.

रक्तात फायब्रिनोजेन विरघळलेलं असतं. थ्रॉम्बिन हे विकर त्याच्या टोकांकडचे छोटे तुकडे कापून काढतं. तुकडे गेले, की उरलेले रेणू एकमेकांना जोडले जाऊन धागे बनतात. म्हणजे दोन्हीकडे युक्ती एकच आहे. पूर्ण प्रथिन मोडायचं नाही, त्याला विरघळलेलं ठेवणारा छोटासा भाग कापायचा, बाकीचं आपोआप जमतं.

पण उपमा कुठे थांबते हेही माहीत हवं. आपल्या घरातलं दही रेनेटने लागत नाही. विरजणातले जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे केसीन जमतं. तिथे कुणी ठरावीक जागी कापत नाही. म्हणून “रक्त गोठणं म्हणजे दही लागणं” असं सेमिनारमध्ये सांगाल तर समोरचा परीक्षक बरोबर तिथेच पकडेल. चीज म्हणा, चालेल. कॅल्शियमचं कामही दोन्हीकडे सारखं नाही. दुधात ते शेवटच्या चिकटण्यात लागतं, रक्तात मुख्यतः आधीच्या पायऱ्यांना, म्हणजे थ्रॉम्बिन तयार होईपर्यंत लागतं.

नाव म्हणजे एक दावा असतो

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. ‘थ्रॉम्बोसिस’ हा शब्द जुनाच, पण आजचा नेमका अर्थ त्याला मिळाला 19 व्या शतकात, रुडॉल्फ फिर्खो यांच्यामुळे. (कॉलेजात आपण ज्यांना ‘विर्चो’ म्हणतो तेच हे.)

1840 च्या दशकात फिर्खो बर्लिनच्या शारिते रुग्णालयात शवविच्छेदनं करत होते. तेव्हा युरोपात पॅरिसच्या क्रुव्हेलिए यांचं वजन मोठं होतं. त्यांच्या मते शिरेचा दाह, म्हणजे फ्लेबायटिस, हाच बहुतेक आजारांच्या मुळाशी होता. फुप्फुसाच्या रोहिणीत गुठळी सापडली तर तिथे दाह झाला आणि तिथेच गुठळी झाली, असा समज होता.

फिर्खोंना मात्र दिसत होतं, की फुप्फुसात अशी गुठळी सापडते तेव्हा पुष्कळदा पायाच्या किंवा ओटीपोटाच्या शिरांतही गुठळी असते. त्यांनी कुत्र्यांच्या मानेच्या शिरेत रबराचे आणि इतर पदार्थांचे तुकडे सोडले आणि ते तुकडे फुप्फुसाच्या रोहिण्यांत जाऊन अडकलेले दाखवले. म्हणजे गुठळी एका जागी होते, सुटते, रक्ताबरोबर वाहते आणि दुसरीकडे अडकते.

या दोन घटनांना दोन नावं हवी होती. जिथल्या तिथे गुठळी होणं ते थ्रॉम्बोसिस. बाहेरून येऊन अडकणं ते एम्बॉलिझम. हा दुसरा शब्दही ग्रीक आहे, ‘आत टाकणं’ या क्रियापदातून आलेला. ‘एम्बोलोस’ म्हणजे आत ठोकलेली पाचर. गंमत म्हणजे पंचांगात मध्येच घातलेल्या जादा महिन्यासाठीही ग्रीकांनी याच क्रियापदापासून शब्द केला होता. म्हणजे आपला अधिक मास! विश्वकोशातला एम्बॉलिझमचा प्रतिशब्द आहे ‘अंतर्कीलन’. कील म्हणजे खुंटी, पाचर. हा प्रतिशब्द करणाऱ्याने मूळ शब्द किती नीट वाचला होता बघा. मी तर वाचलाच नव्हता.

आता लक्षात घ्या, फुप्फुसातल्या गुठळीला ‘एम्बॉलिझम’ म्हणणं म्हणजे नुसतं नाव देणं नाही. “ही इथे झालेली नाही, दुसरीकडून आली आहे” असा तो दावा आहे. कोविडच्या साथीत 2020 साली नेमका हाच वाद पुन्हा निघाला. रुग्णांच्या फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या सापडत होत्या, पण अनेकांच्या पायांत काही सापडत नव्हतं. मग त्यांना एम्बॉलिझम म्हणायचं की तिथेच झालेलं थ्रॉम्बोसिस? शब्द निवडताना कारणही निवडलं जात होतं.

माझी दुसरी चूक

आता कबुलीजबाब देते. सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, की 1856 मध्ये फिर्खो यांनी थ्रॉम्बोसिसची तीन कारणं सांगितली: रक्तप्रवाह मंदावणं, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती. यालाच ‘फिर्खोंची त्रयी’ म्हणतात. प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. माझ्या गाईडनी समासात दोनच शब्द लिहिले, “कुठल्या पानावर?”

मी शोधायला बसले. जर्मन येत नाही, म्हणून मूळ लेखनाचे इंग्रजी अनुवाद आणि त्यावर काम केलेल्या अभ्यासकांचे लेख धुंडाळले. ते पान सापडलं नाही, कारण ते नाहीच. 1856 च्या त्यांच्या लेखसंग्रहात थ्रॉम्बोसिस आणि एम्बॉलिझमवर भरपूर मजकूर आहे. प्रवाह, रक्तवाहिनी, रक्त यांची चर्चाही विखुरलेली आहे. पण “थ्रॉम्बोसिसची ही तीन कारणं” अशी यादी त्यांनी दिलेली नाही. त्यांचा मुख्य रोख गुठळी का होते यापेक्षा ती अडकल्यावर पुढे काय होतं याकडे होता. ‘फिर्खोंची त्रयी’ हे नाव रूढ झालं 20 व्या शतकाच्या मध्याला, त्यांच्या मृत्यूनंतर (1902) साधारण अर्ध्या शतकाने.

त्रयी चुकीची आहे का? नाही. रुग्णाजवळ उभं राहून विचार करायला ती आजही उपयोगी आहे. चुकीचं होतं ते माझं वाक्य. मी न वाचलेल्या पुस्तकाचा संदर्भ दिला होता, कारण माझ्याआधी इतरांनी दिला होता. संदर्भांचंही असंच होतं, एक तुकडा सुटतो, वाहत जातो आणि भलत्या जागी पाचर होऊन बसतो.

म्हणून तुमच्या विषयातला मध्यवर्ती शब्द घ्या, एकच घ्या, आणि एक आठवडा त्याला द्या. तो आधी कशाचा शब्द होता? आजचा अर्थ त्याला कुणी दिला आणि तेव्हा ते कुणाशी भांडत होते? ज्याच्या नावावर तो खपतो, त्याने तसं खरंच म्हटलं आहे का? आणि शेवटी, ज्याच्यासाठी तुम्ही काम करताय त्याच्या कानाला तो शब्द काय सांगतो? आठवडा वाया जाणार नाही, लिटरेचर रिव्ह्यूचं निम्मं काम यातच होतं.

आणि माहितीपत्रकाचं काय झालं?

‘गोठणे’ मी काढून टाकलं. मराठीत पाणी गोठतं, थंडीने हात गोठतात, भीतीने रक्त गोठतं. आजीचा पंख्याचा प्रश्न अगदी रास्त होता. ‘साकळणे’ही घेतलं नाही, कारण मुका मार लागून त्वचेखाली रक्त साकळतं, ते वेगळं. ‘अंतर्क्लथन’ मला आता फार आवडतो, पण तो रुग्णाच्या हातात देण्यासारखा नाही. शेवटी असं लिहिलं:

“जखम झाल्यावर रक्त घट्ट होऊन वाहायचं थांबतं. ही शरीराची चांगली सोय आहे. तुमच्या पायाच्या शिरेत मात्र बाहेर जखम नसताना, आतल्या आत रक्ताची गुठळी झाली आहे. ती का झाली याचा आम्ही अभ्यास करत आहोत.”

मंजुरी मिळाली. काम सुरू झालं. सुरुवातीच्या काही रुग्णांतच एक काका होते, पायाला पट्टी बांधलेले. त्यांनी पत्रक सावकाश, बोट ठेवून वाचलं. मग म्हणाले, “गुठळी समजलं. पण मॅडम, ती तिथेच राहते का हलते?”

मी क्षणभर गप्प झाले. फिर्खोंनी 1840 च्या दशकात विचारलेला प्रश्न होता तो, आणि माझ्या पत्रकात त्याचं उत्तर नव्हतं. मी थ्रॉम्बोसिस समजावून सांगितलं होतं आणि एम्बॉलिझमबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. काकांना जे माहीत असायला हवं होतं, ते नेमकं तेच होतं: अचानक दम लागला, छातीत दुखलं तर वाट न बघता दवाखान्यात यायचं. मी त्यांना ते तिथल्या तिथे तोंडी सांगितलं, वॉर्डातल्या डॉक्टरांना बोलावून पुन्हा सांगायला लावलं आणि त्याच आठवड्यात पत्रकात दुरुस्तीसाठी अर्ज केला.

पत्रक आता दीड ओळीने लांब आहे.